शेजारचा ब्रेक

१२ मे, मंगळवार

निघालो! खरोखर निघालो! फाटकातून गाडी बाहेर काढली ती सासूबाईंनी, आणि फाटकाला न घासता! नवरा पायरीवर हाताची घडी घालून उभा. चेहरा असा, की आई आणि बायको दोघी मिळून घर सोडून पळून चालल्यात. तसं अर्धं खरंच आहे म्हणा.

एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय, आणि एवढ्या वर्षांत माझी गाडी शहराच्या नाक्यापलीकडे गेलेली नाही. तेच चार चौक, तीच पोस्टामागची गल्ली, तोच रिव्हर्सचा कोपरा. दुसऱ्या गिअरमध्ये आयुष्य गेलं बिचारीचं. आज नाका ओलांडल्यावर सासूबाईंनी चौथा टाकला तेव्हा गाडी एकदा थरथरली आणि मग अशी काही पळायला लागली की मी मोठ्याने ओरडलेच! सासूबाई म्हणाल्या, ‘ओरडू नकोस, मी शिकाऊ आहे.’

आता करार नीट लिहून ठेवते. उगाच नंतर कुणी शब्द फिरवायला नको — मीसुद्धा.

सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण आहे, तुरतुरी. लहानपणी धावतच चालायची म्हणून तुरतुरी. ती पठाराच्या पार टोकाला, मोठ्या दरीच्या पोटात, चार खोल्यांचं गेस्ट हाउस चालवते. हिवाळ्यात तिचा पाय मोडला. हाड जुळलं, पण क्लच काही दाबता येत नाही. दरीत बस उतरत नाही. सामान वरच्या गावातून आणायचं, पाहुण्यांना आणायचं-सोडायचं, सगळं गाडीवर. तिने फोन केला — ‘ये, भागीदार हो. खोली देते, अर्धा गल्ला देते, फक्त गाडी चालवता आली पाहिजे.’ जेवता जेवता सासूबाई म्हणाल्या, ‘मी जाणार.’ चौसष्टाव्या वर्षी! नवऱ्याचा घास हातातच राहिला.

लायसन्स मिळवलं त्यांनी. तिसऱ्या खेपेला, पण मिळवलं. मात्र ते सपाटीवरचं. दरीतला रस्ता म्हणजे नुसती उतरण आणि वळणं, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. घरात आठवडाभर भांडणं झाली. शेवटी त्यांनीच तोड काढली. माझीच गाडी घ्यायची. सगळी वाट त्या चालवणार. दरीत उतरताना माझ्या बाजूच्या ब्रेकला माझा पाय एकदाही लागला नाही, तर त्या तिथेच राहणार. लागला, तर मुकाट्याने माझ्याबरोबर परत. नवरा लगेच हो म्हणाला. त्याला खात्रीच आहे, लागणार म्हणून.

आणि निकाल कोण देणार? मी! ‘तू खोटं बोलत नाहीस,’ म्हणाल्या. झालं, विषय संपला.

माझं मत कुणी विचारलं नाही. इथे लिहिते. मला त्या जायला नको आहेत.

१३ मे, बुधवार

आजची गंमत! सकाळपासून चढण. कारखाने संपले, झाडं संपली, मग वळणं सुरू झाली. लहान लहान, पण वळणं. अचानक सासूबाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि पायाखाली वाकून बघायला लागल्या.

‘काय झालं?’

‘इथे भूत आहे. मी ब्रेक दाबायच्या आत तो आपोआप खाली जातो.’

मी खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या गाडीची रचनाच अशी, की माझ्या बाजूचं पॅडल दाबलं की आतली तार ओढली जाते आणि शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो. आमच्या सगळ्या धंद्याचा जीव त्या एका तारेत आहे. आणि पाय जातोच हो! मी काही मुद्दाम करत नाही. घरी खुर्चीत बसून टीव्ही बघताना समोर ट्रक आला तरी माझा पाय जातो.

‘भुताला सांग,’ सासूबाई म्हणाल्या, ‘मला कळतं.’

मग मी बूट काढून पाय सीटवर घेतले, मांडीच घातली. दुपारभर मांडी. दोन्ही पायांना मुंग्या! पण शब्द दिलाय.

सासूबाईंनी छपरावरचा स्कूलचा फलक काढू दिला नाही. ‘राहू दे, लोक लांबून जातात.’ मागचं लाल एल मात्र स्वतः नखाने खरवडून काढलं. ते असलं की नापास झाल्यासारखं वाटतं म्हणे.

१४ मे, गुरुवार

पठार!!

काय लिहू! शेवटची चढण संपली आणि जमीन संपल्यासारखंच वाटलं. समोर नुसतं आकाश. खाली पिवळं गवत, वाऱ्याने आडवं झालेलं, आणि मधून रस्ता. सरळ. वळण नाही, चौक नाही, सिग्नल नाही. एकोणीस वर्षं मी ‘आरसा बघा, आरसा बघा’ करतेय. इथे आरशात बघायलाही काही नाही. मागेही आकाशच.

सासूबाईंनी नव्वदवर नेली. मी काटा बघितला, त्यांनी मला काटा बघताना बघितलं. मग त्या गायला लागल्या. बारा वर्षं एका घरात राहतो आम्ही. त्या गातात हे मला माहीत नव्हतं! बेसूर गातात, पण काय जोरात!

मध्ये हरणांचा कळप रस्त्यावर. सासूबाईंनी लांबूनच गाडी हळू केली, थांबवली, वाट बघत बसल्या. हरणं आपली आरामात चाललीत. शेवटचं एक मध्येच उभं राहून आमच्या छपरावरचा फलक वाचत होतं. हसून हसून पुरेवाट झाली.

दुपारी एक गाव. गाव म्हणजे एकच रस्ता, रुंद, दोन्हीकडे बसकी दुकानं, सगळ्यांच्या पाट्या खिळ्यांनी ठोकून तारेनेही बांधलेल्या, कारण वारा. टायरचं दुकान, औषधाचं, केस कापायचं, आणि एका दुकानात लग्नाचे पोशाख आणि गुरांचं खाद्य शेजारी शेजारी. सूप प्यायलो, पाव इतका मोठा की पिशवीत घालून घेतला. सूपवाली विचारते, ‘शिकवणाऱ्या कोण आणि शिकणाऱ्या कोण?’ सासूबाई म्हणाल्या, ‘अजून ठरायचंय.’

१५ मे, शुक्रवार

आज पहिली घळई! रस्त्यावरून कळतच नाही. गवत, गवत, गवत, आणि एकदम जमिनीला भेग. कडेला जाऊन पोटावर पालथ्या पडलो दोघी, बसून बघायला छाती होईना. खाली लाल खडक, त्याखाली पिवळा, त्याखाली राखाडी, घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे थर. तळाला पाण्याचा एक दोरा. एक पक्षी आमच्या खाली उडत होता. पक्ष्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

ही लहान म्हणे. मोठी दरी याच्या दसपट खोल. आणि तिच्यात आम्हाला उतरायचंय. मी पालथ्या पालथ्याच हातभर मागे सरकले. सासूबाईंचे डोळे मात्र चमकत होते, उठायलाच तयार नाहीत.

मग त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली — ‘अहोऽऽ!’

सासऱ्यांना त्या अशीच हाक मारायच्या. सासरे गेले त्याला तेरा वर्षं झाली. मला वाटलं आता रडतील. पलीकडच्या कड्यावरून उत्तर आलं — ‘होऽऽ… होऽऽ… होऽऽ…’

‘बघ,’ म्हणाल्या, ‘एका हाकेत हो म्हणाले. असं कधी झालं नव्हतं.’ आणि अशा काही हसल्या! मीही. पालथ्या पडून दोन बायका हसतायत. तेवढ्यात एक कुटुंब फोटो काढायला आलं, ते बिचारं आम्हाला बघून परत गेलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. पहिला प्रश्न, ‘आईला झेपतंय का?’ मी म्हटलं, ‘आईला झेपतंय, मला झेपत नाही.’ त्याला गंमत कळली नाही.

१६ मे, शनिवार

क्लच कुरकुरायला लागला म्हणून आजच्या गावात गॅरेज शोधलं. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत एक अवाढव्य माणूस. गॅरेजवाला. बोलणं जवळजवळ नाहीच, मान हलवतो. गाडीखाली शिरला, बाहेर आला, दोन बोटं दाखवली. दोन तास.

सासूबाईंना घेऊन गाव बघायला निघणार, तोच रस्त्यापलीकडून बेकरीवाली धावत आली, हाताला पीठ तसंच. छपरावरचा फलक बघून! ‘बाई, देवासारख्या आलात! मला रिव्हर्स येत नाही. दहा वर्षं पुढेच जातेय.’ खरंच सांगत होती! तिची पिकअप बेकरीच्या मागे उभी असते, आणि मागे न घेता पुन्हा तिथे लावायची म्हणून बाई सगळ्या गावाला वळसा घालते. शेजाऱ्याने भिंत बांधायला काढलीय, मग वळसाही बंद.

आता असं कुणी म्हटलं तर माझे पाय जमिनीवर राहतात का! सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा, मी बसते इथे.’ गेले. बेकरीच्या मागे रिकामे पिंप उभे केले, तिला म्हटलं, मान वळवा, घाबरू नका, गाडी मागे गेली तरी आपलीच असते. पहिल्यांदा पिंप आडवं. दुसऱ्यांदा दुसरं पिंप. पण मग गेली! सरळ, भिंतीला समांतर, सुरेख मागे गेली, आणि ती बाई गाडीतून उतरून माझ्या गळ्यातच पडली. माझ्या केसांत अजून पीठ आहे.

परत आले तर सासूबाई आणि गॅरेजवाला खोक्यांवर बसून चहा पितायत. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत काळे! पदराला, सॉरी, कार्डिगनला पुसलेले.

‘हे काय?’

‘गाडी कधी आतून बघितली नव्हती. त्यांनी दाखवली.’

गॅरेजवाल्याने मान हलवली. क्लच एकदम गप्प. सगळीकडे तेलही दिलंय म्हणे. चांगला माणूस. निघताना त्याने सासूबाईंना चक्क सलाम ठोकला.

रात्री मात्र मला उगाच भरून आलं. ‘घाबरू नका’ हे मी बेकरीवालीला म्हटलं खरं, पण ते शब्द सासूबाईंचे आहेत. स्कूलचा फोन त्याच घेतात ना. ‘ड्रायव्हिंग स्कूल, घाबरू नका!’ नमस्कार नाही, हॅलो नाही, थेट घाबरू नका. निम्मे लोक त्या एका वाक्यावर नाव नोंदवतात. त्या गेल्या तर फोन कोण घेणार? आणि फोनचं सोड. दिवसभर ओरडून घसा बसवून मी घरी येते तेव्हा त्या काही न विचारता गरम पाणी समोर ठेवतात. लेक शिकायला बाहेर गेली. नवरा आला की पेपरात. माझ्याशी बोलतं कोण त्या घरात? त्याच.

१७ मे, रविवार

वारा! दार उघडलं तर कडी हातात आणि दार भिंतीवर. प्रवास रद्द, दिवसभर लॉजच्या खोलीत पत्ते. सासूबाई लबाडी करतात आणि पकडल्यावर मख्ख चेहरा करतात.

१८ मे, सोमवार

उतरलो! जिवंत आहोत! 

सकाळी वारा पूर्ण थांबलेला. वरच्या गावापासून रस्ता थोडा सपाट जातो, मग एक पिवळी पाटी — वळणांची, उताराची — आणि मग रस्ता कड्यावरून खाली वाकतो. अक्षरशः वाकतो, पुढे बॉनेटपलीकडे काही दिसतच नाही. सासूबाईंनी पाटीपाशी गाडी थांबवली. चष्मा पुसला. सीट एक घर पुढे घेतली. मी बूट काढायला लागले तर म्हणाल्या, ‘राहू दे बूट. मांडी घालून बसलीस तर तो करार कसला? पाय जमिनीवर ठेव आणि मग दाबू नकोस.’

दुसरा गिअर टाकला. माझा लाडका दुसरा गिअर! आणि निघालो.

आई गं, काय ती दरी! पहिल्या वळणावर लाल भिंत अंगावर आली, दुसऱ्यावर ती गेली आणि समोर नुसती पोकळी, निळी, तिच्यात ढगाची सावली आमच्या खालून चालत होती. पलीकडचे थर उन्हात असे पेटलेले. मी ‘बघा! बघा!’ म्हणणार होते, जीभ चावली. त्यांनी रस्ताच बघायचा. बघतच होत्या. ओठ घट्ट, मान पुढे, हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, मी शिकवलं तसे.

मग ते वळण आलं, जिथे कठडा तुटलाय. फक्त दोन खांब आणि मध्ये हवा. आणि मी दाबला.

लिहून टाकलं. दाबला. पायाचा अंगठा नुसता टेकवला, पिसासारखा. गाडी लगेच लोण्यासारखी हळू झाली, वळण अलगद संपलं. सासूबाईंना कळलंसुद्धा नाही! ‘भूत’ नाही म्हणाल्या, काही नाही. इतकं हलकं दाबायला मला एकोणीस वर्षं लागलीत. पॅडलही हलकं झालंय, तेल दिल्यामुळे.

मनाशी म्हटलं, आता नाही. मग खालून लॉरी आली. एवढा मोठा आवाज, एवढासा रस्ता! सासूबाई खडकाच्या बाजूला सरकल्या आणि मी पुन्हा दाबला, या खेपेला जरा जास्त. गाडी जागच्या जागी थांबली, लॉरी घासून गेली. लॉरीवाल्याने फलक बघितला आणि दोन्ही हात जोडले. त्याचेही दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते!

तिसऱ्यांदा तळाशी, जिथे डांबर संपून खडी सुरू होते तिथे. चाक जरा सरकल्यासारखं वाटलं आणि माझा पाय मला न विचारता गेला.

एवढ्यात खाली नदी, पूल, पुलापलीकडे चढावर हिरव्या दाराचं घर, आणि दारात कुबड्या टेकवून एक बाई नाचत होती. कुबड्यांवर नाचत होती! सासूबाईंनी हॉर्न वाजवला तो घरापर्यंत सोडलाच नाही. उतरून दोघींनी एकमेकींना धरलं, ‘घोडे!’ ‘तुरतुरे!’, दोघींचं वय बारा.

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. नुसतं बघितलं.

मी म्हटलं, ‘मला आधी पाणी द्या.’

१९ मे, मंगळवार

मन दोन ठिकाणी आहे, काय करू!

एकीकडे इतकं सुंदर सगळं! सकाळी नदीपर्यंत चालत गेले, पाणी बर्फासारखं, पाय घातले आणि किंचाळले तर दरी पण किंचाळली. ऊन वरून खाली उतरतं, थर एकेक करून उजळतात. गेस्ट हाउसच्या खोल्या लहान, लाकडी, पांघरुणं जाड, प्रत्येक खिडकीत कडा. जिन्याची तिसरी पायरी वाजते. स्वयंपाकघरात एकच मोठं टेबल, पाहुणे आणि मालकीण सगळे तिथेच जेवतात. सासूबाईंनी आल्या आल्या कपाटातल्या बरण्या नीट लावल्या. तुरतुरी म्हणाली, ‘दहा वर्षं मला त्या होत्या तशाच आवडत होत्या.’ ‘आता अशा आवडतील,’ सासूबाई म्हणाल्या.

दुपारी तिथला फोन वाजला. सासूबाई जवळ होत्या, सवयीने उचलला — ‘गेस्ट हाउस, घाबरू नका!’ तुरतुरी हसून खुर्चीतून पडायची राहिली. पलीकडच्या माणसाने दोन खोल्या घेतल्या.

त्यांना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नाही. घरी असतात, चांगल्या असतात, पण अशा नसतात.

आणि दुसरीकडे मी. तीन वेळा. सांगितलं तर त्या परत येतील. मला तेच हवंय ना? म्हणून तर तोंड उघडत नाही! मी भीतीने दाबला की त्या जाऊ नयेत म्हणून दाबला, मलाच कळेनासं झालंय. आणि नाही सांगितलं तर? उद्या तुरतुरीच्या अंगणातल्या खडखडणाऱ्या पिकअपमध्ये बसून त्या एकट्या त्याच रस्त्याने खाली येतील. तुटक्या कठड्याशी. तिथे शेजारी माझा पाय नसेल.

नवऱ्याचा फोन. ‘लागला का पाय?’ ‘उद्या सांगते.’ ‘म्हणजे लागला!’ फोन ठेवून दिला. इतका आनंद कसला झाला त्याला!

२० मे, बुधवार

सांगितलं.

त्या व्हरांड्यात पांघरुणं वाळत घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं. म्हटलं, ‘आई, मी दाबला.’

हात थांबले. ‘किती वेळा?’

‘तीनदा.’

‘कुठे कुठे?’

सांगितलं. कठडा, लॉरी, खडी. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘दर वेळी गाडी हळू झाली?’

‘झाली.’

‘बरोबर वेळेवर?’

‘अगदी वेळेवर. आधी नाही, नंतर नाही.’ एवढं बोलेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ‘आई, मला तुम्ही जायला नको होतात. आणि आता तुम्हाला इथून न्यायचंही जिवावर आलंय. पण तो रस्ता तुम्ही एकट्याने उतरलेल्या नाहीत. मी काय करू!’

मला वाटलं, चिडतील. खरं तर चिडायला हव्या होत्या. त्यांनी पांघरुणाची माझ्या हातातली दोन टोकंही घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘तू खोटं बोलत नाहीस हे मी म्हटलंच होतं,’ म्हणाल्या. ‘करार म्हणजे करार. बॅग भरते. उद्या निघू.’ आणि गालात हसल्या. इतक्या शांतपणे! त्या हसण्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुरतुरी माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठ मागितलं तर ते माझ्याकडे ढकलायला कुबडी वापरली. ‘घरी नेऊन काय हिला काचेच्या कपाटात ठेवणार?’ — हे मला नाही, बरणीला उद्देशून. सासूबाई खाली मान घालून जेवत होत्या. दोनदा पाव घेतला. भूक कशी लागते यांना!

झोपायला जाताना म्हणाल्या, ‘उद्या तू चालव. मी तुझ्या जागेवर बसते. बघू तरी तिथून कसं दिसतं.’

म्हटलं, बसा.

२१ मे, गुरुवार

कड्यावरच्या पिवळ्या पाटीपाशी गाडी लावून लिहितेय. एकटी.

सकाळी मी चालवायला, सासूबाई शेजारी. तुरतुरी दारात, आमच्याकडे पाठ करून. घरापासून पुलापर्यंत उतार आहे. मध्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘बघ हं, आता मी दाबते.’ आणि माझा ब्रेक दाबला. पार तळापर्यंत, बूट जमिनीला टेकला, मी डोळ्यांनी पाहिलं.

गाडी तशीच चालत राहिली.

पुलाच्या तोंडाशी माझ्या पायाने थांबवली आणि विचारलं, ‘तार?’

‘डिकीत आहे, स्टेपनीखाली. घरी गेलीस की लावून घे, तुझ्या पोटापाण्याची आहे. गॅरेजवाल्याला मीच काढायला सांगितली. स्प्रिंग तेवढी ठेवली, तुझ्या पायाला करमावं म्हणून.’

‘मग ते तीन ब्रेक?’

‘माझे,’ म्हणाल्या, आणि मागच्या सीटवरची बॅग ओढायला वळल्या.